अनकम्पाग्रेच्या बर्फात प्यूमाच्या मागावर

शुक्रवार : फोर्ट कॉलिन्स ते मॉन्ट्रोज

कोलोरॅडोत माउंटन लायन, म्हणजेच प्यूमा, मारायचा परवाना हवा असेल तर आधी एक परीक्षा पास व्हावी लागते. नेमबाजीची नव्हे, ओळख परेडची. झाडावर बसलेल्या जनावराचं चित्र दाखवून विचारतात, हा नर की मादी? मादी असेल तर जवळपास तिची पिल्लं असतील का? माझ्या ऑफिसमधला एक मित्र डिसेंबरात ती परीक्षा पास झाला आणि जानेवारीतल्या लांब वीकेंडच्या तोंडावर मला म्हणाला, "चल, बंदूक मी धरतो, तू थर्मास धर."

मी शिकारी नाही. मटण आवडीने खाणारा, पण बोकड कापताना तोंड फिरवणारा, या जातीचा माणूस. पण आमच्या फोर्ट कॉलिन्सच्या पश्चिमेला हॉर्सटूथचा डोंगर आहे. वर प्यूमा राहतात, पायथ्याशी आम्ही. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच डोंगरावर एकटा पळणाऱ्या एका माणसावर एका अल्पवयीन प्यूमाने झडप घातली. चेहऱ्याला आणि मनगटाला चावे बसले. मनगट त्याच्या जबड्यात अडकलेलं असतानाच त्या माणसाने त्याला खाली दाबलं आणि शेवटी मानेवर पाय देऊन, श्वास कोंडून मारलं. तेव्हापासून आमच्या भागात ट्रेलवर जाताना लोक एका कानातला इयरफोन काढतात. दुसरा तसाच ठेवतात, हा मनुष्यस्वभाव.

बायको म्हणाली, "तू मारणार नाहीस ना? मग जा. पण फोटो आईंना पाठवू नकोस."

डेन्व्हरला वळसा घालून आय-७० ने पश्चिमेला निघालो. आयझेनहॉवर बोगदा, व्हेल पास, ग्लेनवुड कॅन्यन. हा रस्ता इतक्या जणांनी इतक्या वेळा वर्णन केलाय की मी गप्प बसतो. रायफल नावाच्या गावाशी मात्र मित्राने उजवीकडे बोट दाखवलं. इथून उत्तरेला मीकर. १९०१ च्या जानेवारीत थिओडोर रूझवेल्ट तिथे शिकारी कुत्री घेऊन प्यूमामागे धावत होता. उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला तेव्हा दोनेक महिने उरले होते. त्या मोहिमेत १४ प्यूमा मारले गेले. तेव्हा प्यूमा म्हणजे गुरं खाणारी पीडा, मारेल त्याला सरकार बक्षीस देई. कोलोरॅडोत ही बक्षिशी थेट १९६५ पर्यंत चालली. त्या वर्षी त्याला 'बिग गेम' म्हटलं गेलं, म्हणजे हरीण-एल्कच्या पंक्तीला बसवलं. नियम, मोसम, परवाने आले आणि गंमत अशी की शिकारीचे नियम आल्यावरच त्याची संख्या सावरली. आज राज्यात मोठे, आईपासून सुटे झालेले प्यूमा ३,८०० ते ४,४०० असावेत असा सरकारी अंदाज आहे. दर मोसमात त्यातले सुमारे ५०० शिकारीत जातात.

हे सगळ्यांना पटतं असं नाही. आदल्याच नोव्हेंबरात, २०२४ च्या निवडणुकीत, प्यूमा आणि बॉबकॅट, लिंक्स या रानमांजरांच्या शिकारीवर बंदी घालावी का, हे मतदारांना विचारलं गेलं. सुमारे ५५ टक्के लोकांनी नको म्हटलं. कॅलिफोर्नियाने हाच प्रश्न १९९० मध्ये मतपेटीतून उलटा सोडवला, तिथे शिकार बंद. युटाने २०२३ मध्ये तिसरीच वाट धरली, साधा शिकारीचा परवाना असला की वर्षभर केव्हाही मारा. जनावर एकच, सरहद्द ओलांडली की त्याची किंमत बदलते.

डेल्टाच्या पेट्रोल पंपावर मित्राने फोन लावला. हा फोन सक्तीचा. प्रत्येक युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेल्या भागात, मोसमात किती प्यूमा मारता येतील याची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की युनिट बंद. म्हणून शिकारीला जायच्या आदल्या संध्याकाळी पाचनंतर त्या नंबरवर फोन करून खात्री करायची. ध्वनिमुद्रित आवाज एकेका युनिटचे आकडे रेल्वे स्टेशनवरच्या निवेदिकेच्या थाटात वाचत गेला. आमचं युनिट उघडं होतं.

शनिवार : कोरडा दिवस

मॉन्ट्रोजच्या पश्चिमेला अनकम्पाग्रेचं पठार पसरलंय. माथ्यावर दहा हजार फुटांच्या आसपास पाइन आणि अ‍ॅस्पेन, उतरणीला खुरटे ओक, आणि त्याखाली लाल वालुकाश्माच्या घळींमध्ये पिन्यन पाइन आणि ज्युनिपरचं दाट झुडपी रान. थंडीत माथ्यावर बर्फ साचलं की म्यूल डीअर हरणं खाली या झुडपांत उतरतात. हरणांमागे प्यूमा. प्यूमामागे आम्ही.

आमचे वाटाडे सत्तरीचे. मनात मी त्यांना पहिल्या तासातच 'म्हातारबा' करून टाकलं. बोलणं कमी, ऐकणं त्याहून कमी, कारण कुत्र्यांच्या संगतीत राहून एक कान गेलेला. पिकअपच्या मागे लोखंडी डबे, प्रत्येक डब्याला जाळीची खिडकी, आणि खिडकीतून बाहेर आलेली नाकं. ट्रीइंग वॉकर आणि ब्लूटिक जातीची कुत्री. एका टोळीत आठपेक्षा जास्त कुत्री सोडायला इथे मनाई आहे. म्हातारबांकडे पाच होती. सर्वांत म्हातारी कुत्री डेझी, तिचे दोन्ही कान झालरीसारखे फाटलेले.

पद्धत साधी आहे. पहाटे काळोखात निघायचं, बर्फाळ रस्त्यांवरून ताशी दहा मैलांनी गाडी हाकायची, आणि रात्रीतून रस्ता ओलांडून गेलेला ताजा माग शोधायचा. त्यासाठी ताजं बर्फ लागतं. ते पडलं नव्हतं. जुनं बर्फ उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेलं, वर कोयोटी, ससे, एल्क, गाड्या, सगळ्यांच्या खुणांची खिचडी. दुपारपर्यंत आमच्या हाती आला तो एक शिळा माग, ज्युनिपरच्या सावलीत टिकून राहिलेला.

पण शिकायला तोच बरा होता. म्हातारबांनी गुडघे टेकले, खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि ठशाशेजारी ठेवली. कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात, प्यूमाच्या नाही, कारण तो ती आत ओढून चालतो. कुत्र्याच्या पंजाच्या मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या निघतात. याच्यात एक बोट पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं, त्यावरून डावा-उजवा पाय कळतो. आणि खरी ओळख मागच्या गादीत. तिच्या मागच्या कडेला तीन पाकळ्या असतात, पुढच्या कडेला दोन. एकदा दिसल्या की मग त्या दिसेनाशा होत नाहीत. गादीची रुंदी दोन इंचांच्या पुढे गेली तर बहुधा नर. ही दोनच्या आत होती. मादी किंवा पोरगेलासा नर, शेपटी बर्फाला न टेकवता, घाई न करता गेलेला.

"याच्या मागे नाही जायचं?" मित्राने विचारलं.

"दोन दिवसांचा आहे. आता तो दुसऱ्या काउंटीत असेल."

मी विचारलं, इतक्या वर्षांत कुत्र्यांशिवाय, सहज चालताना किती वेळा दिसला? म्हातारबांनी बोटं मोजली. एका हाताची पुरली. त्याने मला किती वेळा पाहिलं ते मात्र विचारू नकोस, असं वर म्हणाले.

उरलेली दुपार गाडीत गेली आणि मग आपसूक विषय निघाला, समोर आलाच तर काय. त्यांची उत्तरं तुटक होती, ती जोडून लिहितो.

पळायचं नाही. याला पहिला, दुसरा, तिसरा नियम समजा. प्यूमा दबा धरून, मागून, मानेवर येणारा शिकारी आहे. पळणारी पाठ म्हणजे त्याला हरीण. वाकायचंही नाही. ओणवा माणूस चार पायांचा दिसतो. दगड उचलायचा तरी नजर त्याच्यावर ठेवून, आणि उचलण्यापेक्षा हातातली बाटली फेकलेली बरी. लहान मूल बरोबर असेल तर आधी त्याला उचलून घ्यायचं, पाठ न फिरवता. जॅकेटची चेन उघडून दोन्ही बाजू पंखांसारख्या पसरायच्या, खणखणीत आवाजात बोलायचं आणि सावकाश मागे सरकायचं, त्याला निसटायला वाट ठेवून. ग्रिझली अस्वलाने धरलं तर निपचित पडून राहा असं सांगतात. इथे नेमकं उलटं. हल्ला केलाच तर मान वाचवायची आणि हातात येईल त्याने, डोळ्यांवर-नाकावर मारत सुटायचं. अस्वलाचा तिखट फवारा यालाही चालतो, मात्र तो पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नको, कमरेला हवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात पाच सायकलस्वार बायकांच्या गटावर प्यूमा आला आणि एकीचा चेहरा जबड्यात धरला. बाकीच्या पळाल्या नाहीत. दगड-काठ्यांनी त्याला मारत राहिल्या, मैत्रीण सुटल्यावर सायकल त्याच्या अंगावर दाबून मदत येईपर्यंत त्याला जमिनीला धरून ठेवलं. ती वाचली. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात दोन भावांवर हल्ला झाला, त्यात एक गेला. त्या राज्यातला वीस वर्षांतला पहिला मृत्यू. उत्तर अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांत प्यूमाने मारलेल्या माणसांची संख्या काही डझनांच्या पलीकडे जात नाही. हे वाचून धीर येतो, पण ज्युनिपरच्या आड फांदी मोडल्याचा आवाज आला की आकडेवारी आठवत नाही.

हे ऐकताना मला सारखे मामा आठवत होते. माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं, ओतूरच्या बाजूचं. तिथे बिबट्या डोंगरात नाही, उसात राहतो. विजेची पाळी रात्रीची असली की मामा मध्यरात्री मोटर चालू करायला जातात ते हातात काठी, मोबाइलवर मोठ्याने लावलेलं भजन आणि डोक्याला बॅटरी अशा थाटात. पाणी धरताना दारं मोडायला बसू नका, उभ्याने फावडं चालवा, हे वनखात्याच्या पत्रकाच्या कितीतरी आधी आजीने सांगितलेलं. वाकू नकोस, एकटा जाऊ नकोस, आवाज करत जा. म्हातारबा आणि आजी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण पाठ एकच घेत होते.

संध्याकाळी पाचला पुन्हा फोन. युनिट उघडं. आकाश भरून आलेलं.

रविवार : जिचा माग सोडून दिला ती

रात्री तीन-चार इंच पडलं आणि पहाटे थांबलं. म्हातारबांच्या मते देवाने स्वतः दिलेला शिकारीचा दिवस. सहा वाजता आम्ही एका घळीच्या काठाने चाललो होतो आणि साडेसहाला त्यांनी ब्रेक लावला. हेडलाइटच्या उजेडात, कोऱ्या बर्फावर, रस्ता तिरका ओलांडून गेलेली ओळ. कडा अजून धारदार, आत भुरभुर बर्फ घसरलेलं नाही. तासा-दोन तासांपूर्वीची.

मागच्या डब्यांत गोंधळ सुरू झाला. जाळीआडूनही कुत्र्यांना वास लागला होता. मित्र खाली उतरून बंदुकीची पिशवी उघडायला लागला. म्हातारबा मात्र मागाच्या कडेकडेने, त्यावर पाय न देता, तीसेक पावलं चालत गेले आणि तिथे उभे राहिले. हाताने आम्हाला बोलावलं.

मोठ्या ओळीच्या डाव्या बाजूने एक छोटी ओळ येऊन मिळत होती. पाच पावलं बरोबर, मग एका पडलेल्या ओंडक्यावर चढून, पलीकडे उडी. उजवीकडून आणखी एक. ही तर आईच्याच ठशांत पाय टाकत चालली होती आणि मध्येच कंटाळून वर्तुळ काढून आली होती. बर्फात एक लांबोडकं घसरल्याचं निशाण होतं, आणि त्याच्या शेवटी दोघांच्या धपकन पडल्याची खळगी. पिल्लांनी घसरगुंडी केली होती.

"बस. गाडीत."

मित्राचा चेहरा पडला. पिल्लांबरोबरच्या मादीवर बंदूक रोखणं कायद्याने गुन्हा, हे त्याने परीक्षेत लिहिलेलं होतं. पण इतका सुरेख माग, इतकं सुरेख बर्फ! म्हातारबांना त्याचा प्रश्न तोंडावर येण्याआधीच कळला. कुत्री सोडली तर आई झाडावर चढेल, पिल्लं नाही चढली तर कुत्री त्यांना फाडतील, म्हणाले. आणि खरी भानगड पिल्लं दिसतात तेव्हा नसते, दिसत नाहीत तेव्हा असते. मादी पिल्लांना कुठेतरी लपवून शिकारीला एकटी फिरते. झाडावर एकटी बसलेली मादी म्हणजे बिनपिल्लांची, असं धरून चालणारा माणूस तीन जनावरं मारतो आणि त्याला एकच मारल्याचं वाटतं. म्हणून ते मादीवर बार टाकूच देत नाहीत. कायदा देतो, ते देत नाहीत. पाहुणा कितीही पैसे मोजो.

मग त्यांनी आम्हाला उलटा माग दाखवायला नेलं, म्हणजे ती जिकडे गेली तिकडे नव्हे, जिकडून आली तिकडे. कुत्री डब्यातच. पाऊणएक मैल चढल्यावर एका मोकळ्या जागी बर्फ तुडवलेलं, त्यावर थोडं रक्त, आणि सगळीकडे करडे केस. हरणाचे केस, झुपक्याझुपक्यांनी, कात्रीने कापल्यासारखे. प्यूमा खायच्या आधी समोरच्या दातांनी केस उपटून काढतो, ही सवय मी ऐकून होतो. पण ते केस हातात घेतल्यावर वेगळंच वाटलं. आतून पोकळ, बोटांत दाबले तर नळीसारखे मोडणारे, मुळाशी पांढरे. तिथून एक रुंद पन्हळ उमटवत काहीतरी जड ओढत नेलेलं, एका ज्युनिपरच्या बुंध्याकडे. दुर्बिणीतून तिथे पालापाचोळा, काटक्या आणि खरवडलेल्या बर्फाचा ढीग दिसत होता आणि त्यातून वर आलेला एक खूर. शेजारच्या झाडावर मॅगपाय पक्षी किंचाळत होते.

म्हातारबांनी आम्हाला तिथून पुढे एक पाऊल टाकू दिलं नाही. झाकलेलं भक्ष्य म्हणजे भरलेलं ताट. मालक गेला असं वाटतं, तो बहुतेक ओरडून ऐकू येईल इतक्या अंतरावर निजलेला असतो. एका मोठ्या प्यूमाला आठवडा-दहा दिवसांना एक हरीण पुरतं, पिल्लांच्या आईला त्याहून लवकर लागतं. तो ढीग कुणी उगाच सोडून देत नाही. ट्रेलवर असा पाचोळ्याचा ढीग दिसला, त्यातून पाय डोकावत असला, किंवा एकाच झाडावर कावळे-मॅगपाय जमून कल्ला करत असले, तर कुतूहल गुंडाळून आल्या वाटेने परत फिरायचं. आम्ही तेच केलं, जोरजोरात गप्पा मारत. विषय होता ब्रॉन्कोजचा, म्हणजे डेन्व्हरच्या फुटबॉल संघाचा, मोसम. मी चार वाक्यांत संपलो.

दुपारी मोटेलवर मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पिल्लांची ती घसरगुंडी बघायलाच मी इतके पैसे भरले असं समजतो. मला वाटतं, तो निम्मा खरं बोलत होता.

सोमवार : झाडावरचा

दुसरी घळ, बर्फ शिळं पण टिकलेलं. उजाडल्यावर माग मिळाला. गादी सव्वादोन इंच, पावलांमधलं अंतर लांब, आणि वाटेत एका कड्याखाली मागच्या पायांनी ओरखडून केलेला पाचोळ्याचा छोटा ढीग, त्यावर मूत. आपल्या हद्दीची खूण. नर असं करत फिरतो. म्हातारबांनी दोनदा पूर्ण माग बघितला, बाजूला छोटी पावलं नाहीत याची खात्री केली, आणि मग डबे उघडले.

कुत्री गेली तसा तिथला आवाजच बदलला. आधी सुटं सुटं, लांबट भुंकणं, मागावर असल्याचं. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यांचे ठिपके म्हातारबांच्या हातातल्या यंत्रावर घळीतून वर, कड्याला बगल देऊन, पुन्हा खाली. प्यूमा लांब पल्ल्याचा धावपटू नाही. झेप, पाच-पन्नास मीटर, बस. दम लवकर लागतो, मग तो झाड गाठतो. अर्ध्या तासात भुंकणं छोटं, खडखडीत, एकाच जागचं झालं. यंत्रावर ठिपके गोळा झाले. "चढला," म्हातारबा म्हणाले.

आम्हाला तिथे पोचायला मात्र पावणेदोन तास लागले. गुडघाभर बर्फ, ओकच्या फांद्या तोंडावर, आणि आठ हजार फुटांवरची हवा. या शिकारीत काही मर्दुमकी असलीच तर ती या चढात आहे, असं माझं मत तिथेच बनलं आणि अजून बदललेलं नाही.

पॉन्डेरोसा पाइनच्या फांदीवर, जमिनीपासून वीसेक फुटांवर, तो बसला होता. फिक्या गव्हाळ रंगाचा, पोटाशी पांढरट, शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब आणि टोकाला काळी. मी डरकाळीची वाट बघत होतो, पण हा डरकाळी फोडूच शकत नाही. हिसकारतो, गुरगुरतो, आणि खुशीत असेल तर मांजरासारखा घुरघुरतो. आता तो फक्त कान मागे टाकून खालच्या कुत्र्यांकडे बघत होता, आमच्याकडे नाही. एकदाच नजर माझ्यावरून फिरली. डोळे पिवळसर हिरवे. त्यात राग नव्हता. हिशेब होता.

म्हातारबांनी आधी कुत्री एकेक करून झाडांना बांधली. जखमी जनावर खाली पडलं आणि कुत्री मोकळी असली तर दोन्हीकडची रडारड, आणि डेझीचे कान त्यानेच फाटलेले. मग मित्राला दुर्बीण दिली. "सांग."

हा त्या परीक्षेचा तोंडी पेपर. शेपटीच्या मुळाखाली चार-पाच इंचांवर, मागच्या पायांच्या मधे, नाण्याएवढा काळ्या केसांचा ठिपका असला तर नर. मादीला तो नसतो. सोपं वाटतं. पण जनावर शेपूट खाली घेऊन, पाय पोटाशी ओढून बसलेलं असतं आणि खालून बघणाऱ्याच्या डोळ्यात पाइनचा भुगा पडत असतो. मित्राने झाडाला तीन प्रदक्षिणा घातल्या. चौथ्यात प्यूमाने वजन बदललं, शेपूट फांदीवरून सरकली, आणि मलाही तो ठिपका स्पष्ट दिसला.

"नर," मित्र म्हणाला. त्याचा आवाज नीट फुटला नाही.

"तुझी इच्छा. घरी जायचं तरी माझी हरकत नाही."

मित्राने बराच वेळ घेतला. मग बार काढला. एकच, खांद्यामागे. प्यूमा फांदीवरून निसटला, दोन फांद्या मोडत खाली आला आणि बर्फात पडला तेव्हा संपलेला होता. मी बघितलं, तोंड फिरवलं नाही. त्या बारात मला शौर्य दिसलं नाही. दहा मीटरवर बसलेलं जनावर कोणीही मारेल. कुत्र्यांच्या शिकारीवर विरोधक हाच आक्षेप घेतात आणि तो खोटा नाही. पण कालची मादी आज जिवंत आहे तीही याच पद्धतीमुळे. माग वाचायला, नर-मादी बघायला, घरी परत जायला इथे वेळ मिळतो. दूरवरून झुडपात हललेल्या भुऱ्या अंगावर गोळी झाडणाऱ्याला तो मिळत नाही.

म्हातारबांनी ओठ उचलून दाखवले. सुळे पिवळे, एकाचं टोक गेलेलं, हिरड्या मागे सरकलेल्या, म्हणजे पाच-सहा वर्षांचा असावा. कातडं सोलताना पुढच्या पायाच्या कातड्याखाली काळ्या काड्या निघाल्या, साळिंदराच्या काट्यांची मोडलेली टोकं. हा साळिंदरं खायचा, आणि त्याची किंमत अंगावर वागवत फिरायचा. वजन पासष्ट किलोच्या आसपास. मांस टाकून देता येत नाही, ते खाण्यासाठी नेणं कोलोरॅडोत बंधनकारक आहे. चार खेपा झाल्या.

उतरताना मी म्हातारबांना विचारलं, एवढा मोठा नर गेला, आता त्याच्या हद्दीत काय होईल? आजूबाजूचे पोरगे येतील, म्हणाले, भांडतील, काही दिवस गोंधळ. वॉशिंग्टन राज्यातल्या काही संशोधकांनी हेच मांडलंय, जम बसलेले नर फार मारले की तरण्या, अननुभवी नरांची वर्दळ वाढते आणि तेच शेळ्या-कुत्र्यांकडे वळतात. सगळ्यांना हे मान्य नाही. याच अनकम्पाग्रे पठारावर २००४ पासून दहा वर्षं राज्याच्या वन्यजीव खात्याने प्यूमांना पट्टे लावून अभ्यास केला. पाच वर्षं शिकार बंद ठेवून, पुढची पाच चालू करून. शिकार नसताना संख्या वाढली, चालू झाल्यावर घटली. त्यावरून किती मारले तर झेपेल याचा हिशेब निघाला.

मला पुन्हा जुन्नर आठवलं. २००१ ते २००३ या काळात तिथे पकडलेले बिबटे उचलून दुसऱ्या जंगलांत सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी नव्हे, कितीतरी पटींनी वाढलेले निघाले. तिथे मारलं नव्हतं, फक्त हलवलं होतं. कोण कोणाच्या हद्दीत राहतो हे न बघता जनावर उचललं की काय होतं, ते ओतूरच्या लोकांनी भोगलंय.

मंगळवार : दात आणि परतीचा रस्ता

मारल्यापासून ४८ तासांत कळवायचं, पाच दिवसांत कातडं आणि कवटी अधिकाऱ्याला दाखवायची, असा नियम. मॉन्ट्रोजच्या कार्यालयात एक तरुण अधिकारी बाई होत्या. कातड्याला लिंगाचा पुरावा जोडलेला आहे ना हे त्यांनी आधी तपासलं, मग चिमट्याने एक छोटी उपदाढ काढून पाकिटात घातली. दाताचा काप घेऊन झाडाच्या वर्तुळांसारखे थर मोजतात, त्यावरून वय कळतं. कातड्याला क्रमांकाचं सील लावलं. दहा मिनिटांत काम झालं. भिंतीवर ट्रेलसाठीची सूचना होती, पळू नका, वाकू नका, लहान मुलांना जवळ घ्या. तिच्याखाली शेळ्या पाळणाऱ्यांसाठी आणखी एक, रात्री वरून छत असलेल्या गोठ्यातच बांधा आणि अंगणात हरणांना दाणे टाकू नका. हरणं आली की मागून तोही येतो.

मित्राने मला दोन किलो मांस दिलं. पांढुरकं, डुकराच्या मांसासारखं. यात ट्रिचिनेलाचे किडे असू शकतात म्हणून आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजवायचं, अर्धकच्चं चालत नाही. घरच्या कुकरला बायकोने मनाई केली, म्हणून अंगणातल्या ग्रिलवर मालवणी मसाला लावून केलं. चव बरी होती. शेजारच्या गुजराती काकांनी वासावरून चौकशी केली, मी चिकन म्हणालो.

शनिवारी मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, घसरगुंडीपासून दातापर्यंत. मग विचारलं, "त्याने शेळ्या किती नेल्या होत्या?"

"एकही नाही, मामा."

"कुणा माणसावर आलेला?"

"नाही."

"मग मारला कशाला?"

"इथे परवाना मिळतो त्याचा. दर मोसमात ठरलेले."

"आमच्याकडे नुसता पिंजरा लावायचा म्हटला तरी परवानगी लागते," मामा म्हणाले, "आणि ती येईपर्यंत बिबट्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जाऊन स्वतःच भरती होऊन येईल. बरं ते जाऊ दे, रात्रीची पाळी आलीय या आठवड्यात. तो तिखट फवारा म्हणालास तो विमानातून आणू देतात का?"

देत नाहीत, असं मी सांगितलं. मग आम्ही बॅटरीच्या चांगल्या ब्रँडबद्दल बोललो.